झाली किती, आहेत किती?

बेळगावच्या आमच्या जुन्या वाड्यात दुपारच्या वेळी कोणी नवी बाई आली, की आजीशी तिचे बोलणे ठरलेल्या वाटेनेच सुरू होई. आसपासच्या कानडी बायका विचारीत, "एष्टु मक्कळ्री?" आजीला कानडी चांगले समजे; उत्तर मात्र ती मराठीतच देई. "नऊ झाली, सा हाईत." मग विचारणारीही आपले दोन आकडे सांगे. झाली किती आणि आहेत किती, हे दोन्ही आकडे एका दमात सांगायचे, अशी रीतच होती. कोणी हळहळत नसे, कोणी डोळ्यांना पदर लावीत नसे. सुपातले तांदूळ निवडून पुढे सरकत आणि बोलणे नळाच्या पाण्याकडे वळे.

आजीच्या नवातली तीन गेली. एक देवीने, एक घटसर्पाने, आणि एक बारसे होण्यापूर्वीच. आम्हा नातवंडांना एवढेच ठाऊक होते. त्यांची नावे काय होती, हे आम्ही कधी विचारले नाही आणि आजीने कधी सांगितले नाही. आकडा घरात राहिला होता, नावे राहिली नव्हती.

१९७४ च्या सुमारास मी कॉलेजात असताना जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात एक इंग्रजी पुस्तक मिळाले, 'चीपर बाय द डझन'. डझनावारी घेतले की स्वस्त पडते, असा या शीर्षकाचा अर्थ. बारा मुलांच्या एका अमेरिकन कुटुंबाची ती हकिकत. वाचताना मला एकट्याला इतके हसू येई, की आजीने एकदा विचारले, "काय हाय रे त्यात?" तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवे लागल्यावर मी एकेक प्रकरण मराठीत करून तिला सांगू लागलो. तीही पदर तोंडाला लावून हसे. एका प्रकरणाच्या शेवटी हसून झाल्यावर तिने सहज विचारले, "बारा झाली म्हणतोस, खरं हाईत किती?"

मी म्हणालो, "आजी, सगळी आहेत. मजेचं पुस्तक आहे हे."

"असंल बाबा," ती म्हणाली. "अमेरिकेत असंल."

आज या पुस्तकाविषयी लिहायला बसलो आहे तो त्या प्रश्नामुळेच. माझे तेव्हाचे उत्तर चुकीचे होते. आणि ते केवळ माझ्या अज्ञानामुळे चुकले नव्हते. ते पुस्तकच वाचकाला असे उत्तर द्यायला लावते. मोठे कुटुंब मुलांच्या आजारांना, इजांना आणि मृत्यूला कसे तोंड देते, यावरचे एक अतिशय लोकप्रिय पुस्तक म्हणून त्याच्याकडे पाहिले, तर त्यात जे सांगितले आहे त्याइतकेच जे गाळले आहे तेही महत्त्वाचे ठरते.

*

प्रथम पुस्तकाविषयी थोडे. फ्रँक बंकर गिल्ब्रेथ हे गेल्या शतकाच्या आरंभीचे अमेरिकेतील नामांकित कार्यक्षमतातज्ज्ञ. गवंडीकामापासून त्यांनी सुरुवात केली. वीट उचलून भिंतीवर बसवताना गवंडी किती हालचाली करतो, त्यातल्या किती वायफळ असतात, हे मोजता मोजता त्यांनी हालचालींच्या अभ्यासाचे एक शास्त्रच उभे केले. कामाच्या मूलभूत हालचालींना त्यांनी 'थर्ब्लिग' हे नाव दिले. ते त्यांचेच आडनाव उलट्या बाजूने वाचून केलेले आहे. त्यांच्या पत्नी लिलियन या मानसशास्त्राच्या विदुषी. १९१५ मध्ये ब्राउन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली ती घरात लहान मुलांचा राबता असताना. १९०४ मध्ये दोघांचे लग्न झाले. १९०५ ते १९२२ या सतरा वर्षांत त्यांना बारा मुले झाली.

त्यांपैकी फ्रँक (धाकटे) आणि अर्नेस्टिन या दोघा भावंडांनी मिळून हे पुस्तक लिहिले. ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले, १९५० मध्ये त्यावर चित्रपट निघाला आणि त्याच वर्षी 'बेल्स ऑन देअर टोज' हा दुसरा भाग आला. पुढे २००३ आणि २०२२ मध्ये याच नावाचे चित्रपट निघाले; त्यांचा मूळ कुटुंबाशी संबंध नावापुरताच.

पुस्तकातले वडील कारखान्याचे नियम घराला लावतात. न्हाणीघरात तक्ता टांगलेला असतो. दात घासले, अंघोळ झाली, वजन केले, की प्रत्येकाने त्यावर सही करायची. तिथेच फोनोग्राफवर फ्रेंच आणि जर्मनचे पाठ चालू. म्हणजे अंघोळीचा वेळ फुकट जायला नको! सुटीच्या घराच्या भिंतींवर मोर्सची अक्षरे रंगवलेली. घराची पंचायत भरते, तीत ठराव होतात. वडील स्वतः जाकिटाची बटणे खालून वर लावतात, कारण वरून खाली लावायला सात सेकंद लागतात आणि खालून वर लावायला तीन. दोन वस्तऱ्यांनी एकदम दाढी करून ते ४४ सेकंद वाचवतात. पण गळा कापून घेतल्यावर पट्टी बांधण्यात दोन मिनिटे जातात, तेव्हा तो नाद सोडून देतात. त्यांना दुःख होते ते जखमेचे नव्हे, त्या दोन मिनिटांचे.

या एका प्रसंगात पुस्तकाची सारी तऱ्हा आली आहे. जखम होते, पण वेदना होत नाही. रक्त येते, पण ते हिशेबाच्या वहीत मांडले जाते.

*

आजीला सर्वांत आवडलेले प्रकरण टॉन्सिल्सचे. वडिलांचे मत असे, की एवढ्या मोठ्या घरात आजारी पडायला कोणाला सवडच नाही. एक पडला की सगळ्यांचे काम मागे पडते. हे वाक्य आपल्याकडच्या कोणत्याही मोठ्या घरात शोभले असते. आमच्या वाड्यात चुलत-आते धरून आम्ही अकरा मुले होतो. ताप आला तर पहिला दिवस कोणी लक्षच देत नसे. चिंचेवरून पडून हात मोडला तर आधी एक थप्पड, मग हळद-चुना, मग हाडवैद्य. गोवर एकाला आला की पाठोपाठ सगळ्यांना येई. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे तो महिनाभर उतरत नसे. "एकदमच होऊन जाऊ दे" असे मोठी माणसे म्हणत. गोवर सर्वांत धाकट्या जिवालाच जास्त धोक्याचा असतो, हे त्या वेळी कोण विचारात घेणार? सोय महत्त्वाची होती. एकाच खोलीत अंथरुणे, एकच पथ्य, एकच जागरण.

गिल्ब्रेथ नेमके हेच करतात, फक्त शास्त्रीय पायावर. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर वेळ किती दवडतात, हे पाहण्याची त्यांना फार दिवसांपासून इच्छा. (शस्त्रक्रियांचा असा अभ्यास त्यांनी प्रत्यक्षातही केला होता. शल्यविशारदाने हत्यार शोधत न बसता शेजारच्या परिचारिकेने ते त्याच्या हातात द्यावे, या पद्धतीमागे त्यांच्या निरीक्षणांचा वाटा आहे.) मुलांच्या टॉन्सिल्स काढायच्या ठरतात तेव्हा त्यांना संधी दिसते. डॉक्टरांनी घरीच यायचे, मुले एकामागून एक टेबलावर घ्यायची आणि सगळ्याचे चलच्चित्र काढायचे. पुढे ते सावकाश पाहून वायफळ हालचाली मोजता येतील. जणू विटांऐवजी मुले!

आणि मग सगळे बिनसत जाते. डॉक्टरांच्या मनात दोन बहिणींची अदलाबदल झालेली असते. जिला शस्त्रक्रिया नको म्हणून सांगितले ती निर्धास्तपणे खात सुटलेली, आणि ऐनवेळी तिलाच टेबलावर घ्यावे लागते. एवढे सोसून पाहावे, तर छायाचित्रकार भिंगावरचे आतले झाकण काढायलाच विसरलेला. फिल्मवर काहीच उमटलेले नाही! त्यातून वडिलांच्या स्वतःच्याही टॉन्सिल्स काढायच्या ठरतात. मुलांनी उगाच कण्हू नये असे शिकवणारा हा गृहस्थ मोठ्या ऐटीत जातो आणि पार गळाठून घरी येतो. आजी हसली ती इथे. "आता कळलं म्हणावं," असे ती म्हणाली होती.

विनोदी लेखन म्हणून हे प्रकरण अव्वल आहे. यातला विनोद शब्दांच्या कसरतीतून आलेला नाही. दुखणे योजनेत बसत नाही, या साध्या सत्यातून तो आला आहे. कोणाच्या घशाला कधी काय होईल हे तक्त्यावर लिहिता येत नाही, आणि दुसऱ्याचे दुखणे हे कितीही जवळून पाहिले तरी आपल्याला झाल्याशिवाय कळत नाही. लेखकद्वय हे उपदेश करून सांगत नाही. प्रसंगच ते सांगतो. या प्रकरणापुरते हे पुस्तक आपल्याच नायकाच्या विरुद्ध साक्ष देते, आणि तिथेच ते मोठे होते.

पण मला ते भिंगावरचे झाकण पुढे फार वर्षे आठवत राहिले. समोर सगळे घडत होते. यंत्र फिरत होते. फिल्म मात्र कोरी राहिली.

*

१९८५ च्या आसपास दुसरा भाग माझ्या हाती आला. तोवर आजी जाऊन काही वर्षे झाली होती. या भागाच्या आरंभी वडील वारलेले आहेत. १९२४ मध्ये रेल्वेस्टेशनवरून पत्नीशी टेलिफोनवर बोलता बोलताच ते गेले. काही दिवसांतच आई त्यांचे ठरलेले व्याख्यान देण्यासाठी युरोपला निघते आणि मागे मुलांना कांजिण्या येतात. घराचा भार अठरा वर्षांच्या थोरल्या मुलीवर पडतो. हेही खेळीमेळीनेच सांगितलेले आहे. आणि या भागात एका पानाच्या तळाशी, बारीक टाइपातली एक टीप आहे. दोन नंबरची मुलगी मेरी ही १९१२ मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी घटसर्पाने वारली, एवढाच तिचा आशय.

मी पुस्तक मिटले. मग पहिला भाग पुन्हा काढला आणि पहिल्यापासून वाचला. मेरीचे जाणे त्यात कुठेच नाही.

आता गणित मांडून पाहू. मेरी गेली तेव्हा घरात पाच मुले होती. तिच्यामागे चार उरली. बाकीची सात तिच्यानंतर जन्मली. म्हणजे ज्या बारा मुलांच्या गमती आपण वाचतो, ती बाराच्या बारा भावंडे एका टेबलाभोवती कधीच बसली नव्हती. जास्तीत जास्त अकरा बसली, आणि तीही १९२२ मध्ये धाकटी जन्मल्यापासून १९२४ मध्ये वडील जाईपर्यंत, जेमतेम दोन वर्षे. त्याखेरीज १९१५ मध्ये एक मुलगी मृतच जन्मली होती. आजीच्या हिशेबाने सांगायचे तर झाली तेरा, पुस्तकात बारा, वाढली अकरा.

घटसर्पाचे नाव आजच्या तरुण आयांना लशीच्या कार्डावरच दिसते. या रोगात घशात एक जाड, करडा पडदा धरतो आणि मूल श्वासासाठी तडफडते. १८९० मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी त्यावरच्या प्रतिविषाचा मार्ग दाखवला. १९०१ चे वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक बेहरिंग यांना मिळाले ते याच कामासाठी. पण रोग होऊच नये म्हणून द्यायची लस १९२० च्या दशकात आली. आपल्याकडे १९७८ पासूनच्या सरकारी लसीकरणात आणि १९८५ पासूनच्या सार्वत्रिक कार्यक्रमात त्रिगुणी लस घरोघर पोचू लागली. न्यू जर्सीतल्या विदुषी आईची पाच वर्षांची मुलगी आणि बेळगावच्या निरक्षर आजीची मुलगी एकाच रोगाने गेल्या. दोघींच्या मध्ये सात समुद्र होते, लस मात्र दोघींपैकी एकीलाही नव्हती.

हे कळल्यावर पहिल्या भागातले काही प्रसंग मला पूर्वीसारखे वाचताच येईनात. कुटुंबाच्या त्या प्रसिद्ध मोटारीत बसताना वडील मुलांची हजेरी घेतात. एकदा एक मूल वाटेतल्या उपाहारगृहात मागे राहिलेले असते, म्हणून ही खबरदारी. प्रत्येक मोठ्या मुलाकडे एक धाकटे सोपवलेले. पूर्वी मी यावर खदखदून हसलो होतो. आता प्रश्न पडतो. ज्याचे एक मूल हातातून गेले आहे, तो बाप प्रत्येक प्रवासाला निघताना मुले मोजतो तेव्हा त्याच्या मनात कोणता आकडा असेल?

*

मग हे पुस्तक खोटे म्हणायचे का? तसे म्हणणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. काही गोष्टी लेखकांच्या बाजूने मांडल्याच पाहिजेत.

पहिली गोष्ट निवेदकांच्या वयाची. मेरी गेली तेव्हा फ्रँक वर्षाचाही नव्हता आणि अर्नेस्टिन चार वर्षांची झाली नव्हती. पुस्तक 'आम्ही' या भूमिकेतून लिहिलेले आहे, आणि त्या 'आम्ही'ला मेरीची म्हणण्यासारखी आठवण असणे कठीणच. दुसरी गोष्ट, १९४८ मध्ये आई हयात होती, सत्तरीत होती. मुलांनी लिहिलेले पुस्तक ती वाचणार होती. जी जखम आईची, ती मुलांनी विनोदी पुस्तकात उघडी करावी काय? मला वाटते, आपल्यातल्या पुष्कळांनी हेच मौन पाळले असते. तिसरी गोष्ट अशी, की हे लेखक मृत्यूला भिऊन पळणारे नाहीत. वडिलांचा मृत्यू पहिल्या भागाच्या शेवटी आहे, आणि तो फार संयमाने सांगितला आहे. वडिलांचे हृदय दुबळे होते, हे त्यांना ठाऊक होते. आपल्यामागे मुलांनी स्वतःचे स्वतः निभावावे म्हणूनच ती घाई, ते तक्ते, त्या सेकंदांची बचत, हे तिथे उलगडते. हसत हसत वाचलेल्या साऱ्या पुस्तकाला त्या पानांमुळे मागून एक वेगळाच अर्थ येतो.

पण नेमके इथेच माझा आक्षेप आहे. बापाचा मृत्यू गोष्टीच्या शेवटी येतो, म्हणून तो सांगता आला. मुलीचा मृत्यू आरंभीच येतो, तो सांगितला असता तर पुढची प्रत्येक हजेरी जड झाली असती. म्हणजे मेरीला गाळले ते दुःख फार होते एवढ्यासाठीच नव्हे. ती साच्यात बसत नव्हती, म्हणूनही. पुस्तकाची अर्पणपत्रिका बारा मुले वाढवणाऱ्या आईवडिलांना आहे. आईला बारांपैकी प्रत्येक मूल एकुलत्या एकासारखे होते, असा तिचा सुंदर भाव. तो भाव खरा मानायचा तर एकुलते एक मूल गेल्यावर आईचे काय होते, हे विचारावेच लागते. पुस्तक ते विचारत नाही. त्याला बाराचा आकडा हवा आहे. त्या आकड्यातली दुसरी मुलगी नको आहे.

यामुळे वडिलांचे चित्रही एकांगी होते. पुस्तकातले वडील आजारपणाकडे दुर्लक्ष करणारे, गमतीदार गृहस्थ. प्रत्यक्षात मात्र याच दांपत्याने पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना पुन्हा कामावर कसे उभे करता येईल, याचा अभ्यास केला. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९२० मध्ये निघाले. एक हात गेलेला माणूस काम कसे करील, याचा जो माणूस वर्षानुवर्षे विचार करतो, त्याला घरातल्या दुखण्याची जाणीव नव्हती असे कसे मानावे? 'इथे आजारी पडायला सवड नाही' हे त्याचे बोलणे बेफिकिरीचे नसून भीतीचेही असू शकेल. मेरी पुस्तकात असती, तर हे वाक्य वाचकाला दोन्ही अंगांनी ऐकू आले असते, आणि विनोद कमी न होता खोल झाला असता.

हे शक्य असते, हे मराठी वाचकाला तरी सांगायला नको. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यात प्लेग आहे, दारिद्र्य आहे, ताटातूट आहे. आणि त्याच पानांवर आपण मोठ्याने हसतो. लक्ष्मीबाई हसवण्यासाठी काही लपवत नाहीत, आणि रडवण्यासाठी काही वाढवत नाहीत. याउलट साने गुरुजींची 'श्यामची आई' (१९३५) हे अश्रूंचे पुस्तक. तिथे आजारपणाची आणि मरणाची रात्र वगळलेली नाही, पण हसायलाही फारशी जागा ठेवलेली नाही. गिल्ब्रेथ भावंडांनी घराचा दिवस लिहिला, गुरुजींनी रात्र लिहिली, लक्ष्मीबाईंनी दोन्ही लिहिले. मला तिघांपैकी कोणाचेही पुस्तक टाकवत नाही. पण मोठ्या घराचे पूर्ण चित्र हवे असेल तर मी 'स्मृतिचित्रे'कडेच बोट दाखवीन.

आणखी एक गोष्ट या पुस्तकात हसण्यावारी गेली आहे, ती थोरल्या मुलींची. मोठे कुटुंब आजारपण निभावते ते कोणाच्या जिवावर? गिल्ब्रेथांच्या घरी प्रत्येक थोरलीच्या वाट्याला एक धाकटे होते, आणि आई परदेशी असताना कांजिण्यांचे घर सांभाळले ते अठरा वर्षांच्या मुलीने. आमच्या घरी हेच काम थोरल्या आत्याने केले. गोवर, गालगुंड, डांग्या खोकला, प्रत्येक साथीत शाळा बुडाली ती तिची. चौथीनंतर ती शाळेत गेलीच नाही. घरात तिच्याविषयी सगळे कौतुकाने बोलत, "तिनंच सगळ्यांना वाढवलं." कौतुकाच्या या वाक्यात एका मुलीची शाळा गेली, हे कोणाच्या लक्षात येत नसे. फरक एवढाच, की गिल्ब्रेथांच्या मुली पुढे महाविद्यालयात गेल्या. त्यांच्या आईचा तो ध्यास होता. आत्याला चूल मिळाली.

*

दुसऱ्या भागातली ती टीप वाचली त्या आठवड्यात मी आत्याकडे गेलो होतो. ती तेव्हा सत्तरीला टेकलेली. आजीला सांगितलेल्या गोष्टी तिलाही आठवत होत्या, कारण पुष्कळदा तीही तिथे वाती वळत बसलेली असे. मी म्हणालो, "आत्या, आजी बरोबर होती. ती बारा नव्हती. एक पोर पाचव्या वर्षी गेली होती. घटसर्पानं."

आत्याचे हात थांबले. "नाव काय म्हणालास तिचं?"

"मेरी."

ती थोडा वेळ बोलली नाही. मग तिने एक नाव उच्चारले. ते आमच्या घरात मी त्याआधी कधीही ऐकले नव्हते. ते तिच्या बहिणीचे नाव होते. "ती बी तेवढीच होती," आत्या म्हणाली. "माझ्याच मांडीवर हुती. आईनं फुडं कधी नाव घेतलं नाही, म्हणून आम्ही बी नाही घेतलं." आणि मग तासभर ती त्या मुलीविषयी बोलत राहिली. तिला गूळ-खोबरे आवडे, ती कानडी गाणी शेजारणीकडून शिकून येई, तिच्या कानात डूल होते. साठ वर्षे जे कोणी विचारले नव्हते, ते एका परक्या देशातल्या पुस्तकातल्या तळटीपेने बाहेर काढले.

म्हणून मला 'चीपर बाय द डझन' हे पुस्तक आजही प्रिय आहे, आणि म्हणूनच त्याच्यावरचा राग गेलेला नाही. त्याने आकडा जपला, हे मोठेच आहे. अकरा म्हणायचे सोडून ते बारा म्हणत राहिले, म्हणजे घराने मेरीला हिशेबातून वजा केले नव्हते. आमच्या आजीनेही नऊचे सहा कधी होऊ दिले नाहीत. पण आकडा जपून नाव सोडून दिले, की पुढच्या पिढीच्या हाती फक्त बेरीज राहते.

आता घराघरांत दोनच मुले असतात, कुठे एकच. लशीची कार्डे आहेत, टॉन्सिल्स कोणी डझनाने काढत नाही. "एष्टु मक्कळ्री?" असे आजही कोणी विचारते, आणि उत्तरात एकच आकडा पुरतो. ही केवढी कमाई आहे, हे समजायला जुन्या मोठ्या घरांच्या गोष्टी जरूर वाचाव्यात. हे पुस्तकही वाचावे; मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे, पोट धरून हसावे. फक्त शेवटचे पान मिटल्यावर आजीचा प्रश्न विचारायला विसरू नये. आणि घरात कोणी वडीलधारे माणूस असेल, तर आपल्याच घराविषयीही तो एकदा विचारून घ्यावा. आकडे पुष्कळांना माहीत असतात. नावे विचारावीत.